गुणांचा खरा हिशेब : नोकरीच्या अर्जांत गुण कसे मांडावे

विद्यार्जनाचा काळ संपवून मनुष्य जेव्हां संसाराच्या उंबरठ्यावर येतो, तेव्हां त्यास पहिल्यानें जो महत्त्वाचा कागद लिहावा लागतो तो बहुधा नोकरीचा अर्ज होय. बारा-पंधरा वर्षें इतरांनीं विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें लिहिण्यांत गेलेलीं असतात. आतां प्रथमच स्वतःविषयीं लिहावयाचें असतें. नांव, जन्मतारीख, पत्ता हे रकाने सहज भरून होतात. लेखणी अडते ती एकाच रकान्यापाशीं : 'उत्तीर्ण केलेल्या परीक्षा व मिळालेले गुण.' ज्यास भरपूर गुण मिळाले आहेत त्याची गोष्ट निराळी. पण बहुतेकांचे गुण मध्यम असतात, आणि तेथेंच मोह उभा राहतो. एकोणसाठाचे साठ करावे काय? एखादें वाईट वर्ष गाळून टाकावें काय? एवढें बारकाईनें पाहतो कोण? हे प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु त्यांच्या उत्तरावर पुष्कळदां सबंध आयुष्याची दिशा ठरते. आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांस आज ना उद्यां हा रकाना भरावयाचा आहे, आणि त्या वेळीं त्यांच्या वडीलधाऱ्यांस सल्ला द्यावयाचा आहे; म्हणून या विषयाचा येथें थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, गुणपत्रिकेवरील आंकडा म्हणजे दुसऱ्यानें आपल्याविषयीं दिलेली साक्ष आहे. ती साक्ष विद्यापीठाची. आपण केवळ ती पोंचविणारे. ती अर्जांत कोठें ठेवावी, तिच्या जोडीला आणखी कोणते पुरावे द्यावे, हें ठरविण्याचा अधिकार अर्जदारास पूर्णपणें आहे. परंतु साक्षींतील शब्द बदलण्याचा अधिकार त्यास मुळींच नाहीं. प्रामाणिकपणा आणि परिणामकारकता हीं दोन्ही या एका भेदांत सांपडतात.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. १८६२ सालीं जे मूठभर तरुण त्या विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्या काळीं 'बी. ए.' हीं दोन अक्षरेंच पुरेशीं असत. किती गुण मिळाले हें विचारण्याची पाळी क्वचितच येई. पुढें शिकणाऱ्यांची संख्या वाढली, जागा तितक्या वाढल्या नाहींत, आणि निवड करणाऱ्यांस चाळणीची गरज भासूं लागली. गुण ही ती चाळणी. त्या जुन्या काळांत कांहीं लोक आपल्या नांवापुढें 'बी. ए. नापास' असें लिहितात, म्हणून त्यांची थट्टा होत असे. थट्टा करणाऱ्यांनीं करावी. पण त्या दोन शब्दांत एक सचोटी होती. आपण कोठपर्यंत गेलों व कोठें थांबलों, हें त्यांत स्पष्ट सांगितलेलें असे.

आतां आजची पद्धति पाहूं. पूर्वीं गुणपत्रिकेवर गुण व टक्के असत. आतां बहुतेक विद्यापीठांत श्रेणी आणि श्रेणिगुण असतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ सालीं यासाठीं दहा गुणांचें एक माप सुचविलें. त्यांत सर्वोत्कृष्ट श्रेणी 'ओ' हिला १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, 'सी' ५ आणि केवळ उत्तीर्ण म्हणजे 'पी' हिला ४ गुण आहेत, अनुत्तीर्णास शून्य. प्रत्येक विषयास त्याच्या अभ्यासाच्या प्रमाणांत 'क्रेडिट' म्हणजे भार दिलेला असतो. विषयाचा श्रेणिगुण व त्याचा भार यांचा गुणाकार करावा, सर्व गुणाकारांची बेरीज करावी, आणि तीस एकूण भारानें भागावें. म्हणजे त्या सत्राची सरासरी निघते. सर्व सत्रें मिळून जी सरासरी निघते तिलाच 'सी. जी. पी. ए.' म्हणतात.

उदाहरणार्थ, एका सत्रांत चार विषय आहेत असें धरूं. त्यांचे भार अनुक्रमें ४, ४, ३ व २, आणि मिळालेले श्रेणिगुण ८, ७, ९ व ६. गुणाकार झाले ३२, २८, २७ आणि १२, बेरीज ९९, एकूण भार १३. भागाकार ७.६२. हेच चार आंकडे सरळ मिळवून चारानें भागले तर ७.५० येतात. तात्पर्य, ही सरासरी आपल्या मनानें काढावयाची नसते. विद्यापीठानें छापून दिलेली असेल तीच दोन दशांश स्थळांपर्यंत जशीच्या तशी उतरावी.

खरी अडचण पुढें येते. कित्येक अर्जांत श्रेणिगुण नको, टक्केच हवे असतात. मग या दहांतल्या सरासरीचे शंभरांतले टक्के कसे करावे? येथें सर्वत्र एकच नियम नाहीं. कांहीं विद्यापीठें सरासरीस सरळ दहानें गुणतात. कांहीं ठिकाणीं सरासरींतून ०.७५ वजा करून मग दहानें गुणतात. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या कोष्टकांतील आंकडेही याच रीतीनें जुळतात : तेथें ६.२५ म्हणजे ५५ टक्के, आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के. केंद्रीय माध्यमिक मंडळानें कांहीं वर्षें दहावीच्या निकालासाठीं ९.५ नें गुणण्याची रीत सांगितली होती. आतां एकच आंकडा घ्या : ७.००. पहिल्या रीतीनें ७० टक्के, दुसरीनें ६२.५०, तिसरीनें ६६.५०! मनुष्य तोच, अभ्यास तोच, आणि टक्क्यांत साडेसातांचें अंतर. साहजिकच, ज्या रीतीनें अधिक टक्के येतील ती रीत उचलण्याचा मोह होतो. पण शाळेच्या मंडळाचें सूत्र विद्यापीठाच्या पदवीस लावणें म्हणजे शेराचें धान्य दुसऱ्याच्या पायलीनें मोजण्यासारखें आहे. ज्या विद्यापीठानें गुण दिले त्याचेंच सूत्र लावावें. तें बहुधा गुणपत्रिकेच्या पाठीमागें छापलेलें असतें. नसल्यास विद्यापीठाच्या परीक्षाविभागाकडून लेखी दाखला मागून घ्यावा, आणि तो अर्जास जोडावा.

अर्जांत हें असें लिहावें : 'बी. एस्सी., रसायनशास्त्र, सरासरी श्रेणिगुण १० पैकीं ६.८०, विद्यापीठाच्या सूत्राप्रमाणें ६०.५० टक्के.' या एका ओळींत मूळ आंकडा आहे, तो कितीपैकीं हें आहे, आणि टक्के कोठून आले हेंही आहे. वाचणाऱ्यास शंका घेण्यास जागाच राहत नाहीं; आणि ज्या अर्जांत शंकेस जागा नाहीं, तो अर्ज अर्धा यशस्वी झाला असें समजावें.

ज्यांच्या गुणपत्रिकेवर अद्यापि टक्केच असतात त्यांची फसगत दुसऱ्या ठिकाणीं होते. समजा, एका विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीं ६०० पैकीं ३९६, दुसऱ्या वर्षीं ६०० पैकीं ३६०, आणि तिसऱ्या वर्षीं ८०० पैकीं ४३२ गुण मिळाले. टक्के झाले ६६, ६० व ५४. या तिहींची सरासरी बरोबर ६०. म्हणून तो आनंदानें 'साठ टक्के, प्रथम श्रेणी' असें लिहून मोकळा होतो. परंतु सर्व गुणांची बेरीज केली तर २००० पैकीं ११८८ होतात, म्हणजे ५९.४० टक्के. बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणारी 'आय्. बी. पी. एस्.' ही संस्था आपल्या जाहिरातींत हीच रीत स्पष्ट सांगते : सर्व वर्षांचे, सर्व विषयांचे मिळालेले गुण एकत्र करावे, त्यांस एकूण गुणांनीं भागावें, व शंभरानें गुणावें. शालान्त परीक्षेंत उत्तम पांच विषय धरण्याची जी सवलत आहे ती येथें चालत नाहीं. शिवाय ती संस्था बजावते कीं, ५९.९९ हे ६० हून कमी समजले जातील. प्राध्यापकपदासाठीं जी राष्ट्रीय पात्रता परीक्षा असते, तिच्यासाठीं सर्वसाधारण गटांतील उमेदवारास पदव्युत्तर परीक्षेंत ५५ टक्के लागतात. तेहि पूर्णांकाकडे न वाढवितां. व्यापारांत अर्धा पैसा सोडून देणारे पुष्कळ भेटतात. येथें शतांशही कोणी सोडीत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, 'साठ शतांशांनीं काय होतें?' काय होतें तें पाहूं. त्याच तरुणानें ५९.४० च्या जागीं ६० लिहिले, त्याची निवड झाली, त्यानें हातची लहानशी नोकरी सोडली, गांव सोडलें, नव्या ठिकाणीं बिऱ्हाड केलें. चार-सहा महिन्यांनीं कागदपत्रांची तपासणी झाली. मूळ गुणपत्रिका मागविण्यांत आली, आणि आंकडा जुळला नाहीं. त्याचें काम कितीही चांगलें असो, आतां प्रश्न कामाचा उरत नाहीं. प्रश्न विश्वासाचा होतो. नोकरी जाते, जुनी जागा भरून गेलेली असते, आणि पुढील प्रत्येक अर्जांत 'मागील नोकरी कां सोडली?' हा रकाना त्याची वाट पाहत असतो. ज्या जागेस ६० ची अट नव्हती अशा जागीं तोच तरुण ५९.४० वर सुखानें लागला असता. पाऊण टक्काही नाहीं अशा अंतरासाठीं त्यानें आपली पत गहाण टाकली.

कालांतरानें खोटें विसरलें जातें, अशीही कित्येकांची समजूत असते. अमेरिकेंतील 'एम्. आय्. टी.' या प्रख्यात तंत्रविद्यापीठांतील एक उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. तेथील प्रवेशविभागाच्या प्रमुख बाई १९७९ सालीं एका दुय्यम जागेवर लागल्या होत्या. त्यांनीं आपणांस नसलेल्या पदव्या असल्याचें सांगितलें होतें. पुढें स्वतःच्या कर्तृत्वानें त्या चढत गेल्या, १९९७ सालीं विभागाच्या प्रमुख झाल्या, सर्वत्र त्यांचा गौरव झाला. अठ्ठावीस वर्षांनीं, २००७ सालीं, ती गोष्ट उघडकीस आली आणि त्यांस राजीनामा द्यावा लागला. अधिक खेदाची गोष्ट ही कीं, प्रथम लागलेल्या त्या जागेस पदवीची बहुधा आवश्यकताही नव्हती. अर्जांतील खोटी ओळ जुनी होते, पण मरत नाहीं.

आपल्या देशांत तर तपासणी आतां पूर्वींपेक्षां पुष्कळ सोपी झाली आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या 'डिजिलॉकर' या सरकारी व्यवस्थेंत अनेक विद्यापीठांच्या व मंडळांच्या गुणपत्रिका मिळतात, आणि त्या मूळ कागदांच्या बरोबरीच्या मानल्या जातात. विद्यार्थ्याच्या संमतीनें नोकरी देणारा त्या क्षणांत पडताळून पाहूं शकतो. हें प्रामाणिक मनुष्यास वरदानच आहे. त्याचा शब्द लगेच सिद्ध होतो. आंकडा फुगवून लिहिणें हें एक; गुणपत्रिकाच खोडून बदलणें किंवा बनावट करून आणणें हें त्याहून भयंकर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनें, जुन्या दंडविधानाप्रमाणेंच, बनावट कागद तयार करणें आणि तो बनावट आहे हें ठाऊक असून खरा म्हणून वापरणें हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. 'मीं तयार केला नाहीं, दलालानें आणून दिला' हा बचाव तेथें उपयोगी पडत नाहीं.

येथवर काय करूं नये हें सांगितलें. परंतु प्रामाणिकपणा म्हणजे आपली बाजू दुबळी करून मांडणें, असा कोणाचा समज होऊं नये. मध्यम गुणांचा अर्जही सत्याच्या मर्यादेंत राहून उत्तम करतां येतो.

पहिली गोष्ट, क्रमाची. गुण उत्तम असतील तर ते आरंभीं लिहावे. मध्यम असतील आणि अर्जाचा नमुना ठरलेला नसेल, तर ज्या कामासाठीं अर्ज आहे त्या कामाचा अनुभव, शिकलेलें कौशल्य, केलेला एखादा प्रकल्प यांस पहिलें स्थान द्यावें, व गुण त्यांच्या जागीं, शिक्षणाच्या ओळींत, ठेवावे. पाहुण्यास घराचा पुढचा दरवाजा दाखविणें ही लबाडी नव्हे.

दुसरी, प्रगतीची. पहिल्या वर्षीं घसरलेला विद्यार्थी शेवटच्या वर्षीं सावरला असेल, तर तें अवश्य सांगावें. मात्र दोन्ही आंकडे शेजारींशेजारीं द्यावे : 'एकूण ५४.२० टक्के, अंतिम वर्ष ६६.५० टक्के.' केवळ दुसरा आंकडा देऊन तोच एकूण भासविला तर ती फसवणूक झाली. दोन्ही दिले तर तीच ओळ चिकाटीचा दाखला होते.

तिसरी, विषयाची. हिशेबनिसाची जागा असेल आणि लेखाकर्मांत गुण चांगले असतील, तर एकूण गुणांबरोबर त्या विषयाचे गुण निराळे नमूद करावे. निवड करणाऱ्यास नेमकें तेंच हवें असतें.

चौथी, मौनाची. खासगी पेढीस पाठविण्याच्या परिचयपत्रांत कोणी गुण विचारले नसतील, तर ते न लिहिण्यास हरकत नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें बंधनकारक नसतें. परंतु रकाना छापलेला असेल, किंवा मुलाखतींत कोणी विचारलें, तर मौनाचा अधिकार संपला. तेथें पूर्ण आणि सरळ उत्तर द्यावें. विषय राहिले होते काय, ए. टी. के. टी. लागली होती काय, असें विचारल्यास 'होय, दोन विषय, पुढील सत्रांत उत्तीर्ण' एवढें सांगावें आणि थांबावें. निकाल लागावयाचा असेल तर 'परीक्षा दिली, निकाल प्रलंबित' असें लिहावें. पदवी हातीं येण्यापूर्वीं नांवापुढें लावूं नये.

पांचवी, कारणाची. आजारपण, घरांतील आपत्ति, शिकत असतां करावी लागलेली नोकरी, अशा कारणांनीं गुण कमी पडले असतील तर एका वाक्यांत, रडगाणें न गातां, सांगावें, आणि शक्य तर पुरावा ठेवावा. 'तिन्ही वर्षें सकाळीं कॉलेज व सायंकाळीं दुकानांत नोकरी' हें वाक्य, खरें असल्यास, पांच टक्क्यांहून अधिक वजनाचें ठरूं शकतें. जे गुरुजन आपलें काम प्रत्यक्ष जाणतात त्यांचें शिफारसपत्रही अशा वेळीं मोलाचें असतें.

परदेशीं अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांमुलींनीं आणखी एक काळजी घ्यावी. तेथील मापें निराळीं आहेत. जर्मनींत १.० हा सर्वोत्तम गुण, आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. अमेरिकेंत बहुधा ४.० हेंच शिखर. इंग्लंडांत सत्तर टक्क्यांपासून प्रथम वर्ग समजला जातो. म्हणून आपल्या गुणांचें स्वतःच भाषांतर करूं नये. मूळ आंकडा व त्याचें माप द्यावें, आणि रूपांतर ज्या संस्थेकडे अर्ज आहे तिच्या नियमाप्रमाणें होऊं द्यावें.

आतां दोन शब्द पालकांस. मूल खोटा आंकडा लिहावयास बहुधा कचेरीच्या भीतीनें शिकत नाहीं. तें घरीं शिकतें. शेजाऱ्यांस मुलाचे गुण सांगतांना आपण चार वाढवून सांगतों, आणि तें कोपऱ्यांत उभें राहून ऐकत असतें. अर्ज भरतांना 'लिही साठ, कोण पाहतो?' असें वडिलांच्या तोंडून निघालें, तर मुलाच्या मनांत दोन गोष्टी ठसतात : खोटें चालतें, आणि माझे खरे गुण माझ्या वडिलांस लाज आणणारे आहेत. दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक घातक आहे. त्यापेक्षां गुणपत्रिका समोर घेऊन मुलाजवळ बसावें, बेरीज स्वतः करून पाहावी, आणि 'हे तुझे गुण, आणि हे घेऊनच आपण जागा शोधूं' असें सांगावें. वाटा पुष्कळ आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस बसण्यासाठीं मान्य विद्यापीठाची पदवी पुरते. किमान टक्क्यांची अट तेथें नाहीं. एवढ्या मोठ्या अधिकाराचें द्वार जर मध्यम गुणांच्या पदवीधरास उघडें आहे, तर हताश होण्याचें कारण काय?

शुभवर्तमानांतील तो दाखला आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. परदेशीं जातांना धनी आपल्या चाकरांस निरनिराळ्या रकमा सोंपवून गेला, आणि परत आल्यावर त्यानें हिशेब मागितला. ज्यानें मोठ्या रकमेचा चोख हिशेब दिला त्यास, आणि ज्यानें लहान रकमेचा तितकाच चोख हिशेब दिला त्यासही, धन्यानें सारख्याच शब्दांनीं शाबासकी दिली. रक्कम लहान म्हणून शाबासकी कमी झाली नाहीं. दोष लागला तो मिळालेलें पुरून ठेवणाऱ्यास.

गुणांचेंही असेंच आहे. कोणास पंच्याऐंशी मिळतील, कोणास बावन्न. बावन्न मिळालेल्यानें ते लपवूं नयेत, वाढवूं नयेत, आणि त्यांच्या शरमेनें आपलें इतर कौशल्यही पुरून ठेवूं नये. बावन्न हे बावन्नच लिहावे, शेजारीं आपलें काम मांडावें, आणि ताठ मानेनें मुलाखतीस जावें. समोरचा अधिकारी गुणपत्रिका उघडील तेव्हां त्यास तेथें तोच आंकडा दिसेल जो अर्जांत आहे. आणि त्या क्षणीं उमेदवाराविषयीं एक गोष्ट त्यास निश्चित कळेल, जी कोणतेंही विद्यापीठ छापून देऊं शकत नाहीं.